गाडी उन्हात बंद पडते, थंड झाली की सुरू होते. फ्युएल पंप बदलावा का?

लगेच बदलू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना असं झालं, तर पंपाइतकाच संशय रिलेवर (पंपाला करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) आणि अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या वायरवर घ्या.

गाडी बंद पडली की तिथेच तपासा, थंड झाल्यावर दोष लपतो. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ यायला हवं. नाही आलं तर आधी फ्यूज बघा, मग पंपाच्या रिलेच्या जागी त्याच नंबरचा दुसरा लावा (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो).

तरीही गप्प? मग मल्टिमीटर. पण पंपाचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून, त्याच्या मागून वायरींवर व्होल्टेज मोजा. काढून मोजलं तर गंजकी वायरही १२ व्होल्ट दाखवते, आणि इथेच चांगला पंप उगाच बदलला जातो. चावी दुसऱ्याला ऑन करायला लावा. पंपाची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर अर्थ खराब. १२ व्होल्ट नीट पोचूनही पंप फिरत नसेल तर पंप गेला.

पेट्रोलचा वास येत असेल तर यातलं काहीही करू नका. आणि उन्हाळ्यात टाकी पावच्या खाली नेऊ नका, पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.