नाशिकमध्ये मुलांच्या फुटबॉल लीगशी संपर्क कसा साधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बदलीने इंदिरानगरला आलोय, मुलगा अकरा वर्षांचा, तिकडे दोन सीझन लीग खेळला, आता इथल्या मुलांच्या लीगशी संपर्क कसा करायचा? नेटवर मिळालेल्या तीन नंबरांपैकी दोन बंद आणि तिसरा टर्फ भाड्याने देणाऱ्याचा निघाला, हेही लिहिलंय. त्या तिसऱ्याशी पाच वर्षांपूर्वी बहुतेक मीही बोलले असेन.

माझी लेक नऊ वर्षांची असताना खेळायला लागली, आता चौदाची आहे. पाथर्डी फाट्यावरून तिला स्कूटीवर ने-आण करता करता जे समजलं ते सांगते.

आधी लीगचा नंबर शोधणं थांबवा. लीगमध्ये मूल नाव देत नाही, टीम नाव देते. नंबर लागला तरी समोरचा विचारणार, "कोणत्या क्लबकडून?" आणि तिथेच बोलणं संपणार. तुम्हाला हवेत ते एक सर. संध्याकाळी स्वतः मैदानात उभे असतात आणि रात्री घरी बसून टीमची यादी भरतात, ते. आपल्याकडचं मुलांचं फुटबॉल अशा मोजक्या सरांच्या मोबाइलवर चालतं. काहींचं फेसबुक पान असतं, पण त्यावरची शेवटची पोस्ट दोन गणपतींपूर्वीची.

सर मैदानावरच भेटतात. रविवारी सकाळी साडेसहाला घराबाहेर पडा. मुलाला बरोबर घ्या, पण बूट घालून नव्हे. नाहीतर तो लगेच खेळायला पळतो आणि तुमचं बोलणं राहून जातं. गोल्फ क्लबपासून सुरुवात करा. (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं आहे, रिक्षावाल्याला मात्र गोल्फ क्लबच सांगा.) तिथे क्रिकेटवाले आणि चालायला आलेले लोक जास्त, पण कुठल्याही पोराच्या अंगात फुटबॉलची जर्सी दिसली की त्याला विचारायचं, "बाळा, तू कुठे जातोस प्रॅक्टिसला?" मोठ्यांपेक्षा पोरं खरं सांगतात. सर ओरडतात का, मॅच खेळवतात का, सगळं. दुसरं ठिकाण पंचवटीतलं विभागीय क्रीडा संकुल. शिवाय देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडकडच्या जुन्या शाळांना विसरू नका, तिकडे फुटबॉल बऱ्याच वर्षांपासून रुजलेला आहे. इंदिरानगरहून लांब पडतं, पण रविवारी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकायला होत नाही.

आमचे सर मला असेच भेटले. जानेवारीची सकाळ होती, निफाडकडची थंडी त्या दिवशी शहरात उतरलेली. एक माणूस मफलर गुंडाळून वाकून फक्कीने रेघ मारत होता आणि मागे दोन पोरं सुतळी ताणून धरत होती. मला वाटलं मैदानाचा शिपाई असेल. "फुटबॉलचे सर कुठे भेटतील?" म्हणून विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "रेघ संपू द्या, मग भेटतो." पंधरा मिनिटं मी दव पडलेल्या गवतात चपला भिजवत उभी होते. पण त्या पंधरा मिनिटांत समजलं की यांची रेघ सरळ येते, आणि पोरं सुतळी सोडत नाहीत. माहितीपत्रक वाचून हे कळलं नसतं.

नंबर मिळाल्यावर लगेच फोन करू नका. साडेचार ते सातच्या मध्ये तर नाहीच, तेव्हा प्रॅक्टिस असते. रात्री साडेआठनंतर मेसेज टाका, आणि "हाय सर, डिटेल्स प्लीज" असला नको. मी असा टाकला होता:

"नमस्कार सर. मुलीचं नाव अमुक, जन्म अमुक तारखेचा, शाळा अमुक, इयत्ता चौथी. एक वर्ष शाळेत खेळली आहे, डाव्या पायाने खेळते. आठवड्यातून चार दिवस येऊ शकते. शनिवारी एकदा सरावाला आणू का? फीबद्दल तेव्हा बोलू."

दहा मिनिटांत उत्तर आलं, आणि तेही फक्त "डावा पाय? आणा." सरांना जन्मतारीख आधी लागते, कारण कोणत्या गटात बसवायचं हे त्यावरच ठरतं. तुम्ही मुलाची पुण्यातली जागा लिहा, बचावात खेळायचा की पुढे. त्याचं कौतुक मात्र लिहू नका. प्रत्येक आईबापाचा मेसेज "खूप टॅलेंटेड आहे सर" असाच सुरू होतो म्हणे.

आता पुण्याहून आलेल्यांना लागू होणारा मुद्दा, कारण यातच लोक अडकतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणीची एक ऑनलाइन व्यवस्था आहे, सगळे तिला सीआरएस म्हणतात. मुलगा पुण्यात मान्यताप्राप्त लीग खेळला असेल तर त्या क्लबने त्याचं नाव तिथे चढवलेलं असू शकतं, आणि एका वेळी खेळाडू एकाच क्लबचा असतो. इथल्या सरांनी नाव भरायला घेतलं आणि ते आधीच पुण्याच्या क्लबकडे दिसलं, तर ऐन यादीच्या दिवशी पळापळ होईल. म्हणून आजच जुन्या क्लबला फोन करून विचारा: नोंद आहे का, आयडी काय, आणि बदलीसाठी तुम्ही तिकडून काय करून द्याल. तिथल्या सरांशी संबंध गोड असतील तर हे दोन दिवसांचं काम आहे. पुण्याची फी थकली असेल तर आधी ती भरा, मग फोन करा.

वरची रचनाही जाणून घ्या, म्हणजे कुणी मोठमोठी नावं सांगून गोंधळवणार नाही. देशाचा महासंघ, त्याखाली राज्याची संघटना, तिच्याखाली जिल्ह्याची. आपल्या राज्याची संघटना म्हणजे विफा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. नावात महाराष्ट्र नाही, म्हणून ती शोधून सापडत नाही. १९११ सालची संस्था आहे, त्या वेळचं नाव तसंच राहिलं. कचेरी मुंबईत कूपरेजला. तिथे फोन करून काही होत नाही असं नाही, पण ते तुम्हाला नाशिकच्या जिल्हा संघटनेकडेच पाठवणार, आणि जिल्हा संघटना क्लबकडे. म्हणजे फिरून पुन्हा आमचे फक्कीवाले सर.

क्लबखेरीज दुसरा रस्ता शाळेचा. तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. शहरातल्या शाळा आधी महापालिका पातळीवर खेळतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो कपही याच वाटेने राष्ट्रीय पातळीपर्यंत जातो. ही आंतरशालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे, हल्ली १५ वर्षांखालील मुलगे आणि १७ वर्षांखालील मुलगे व मुली असे तिचे गट आहेत. इथे पालकाने काही भरायचं नसतं, शाळा भरते. म्हणून शाळेत प्रवेश घेतल्या घेतल्या पी.टी.च्या सरांना गाठून एवढंच विचारा: "या वर्षी आपली फुटबॉलची एन्ट्री जाणार आहे का?" जूनमध्ये विचारा. ऑगस्टमध्ये विचारलंत तर ते दुःखी चेहऱ्याने "गेली हो" म्हणतील.

फक्त एक फरक डोक्यात ठेवा. शालेय स्पर्धा बाद फेरीची. भर पावसात काळ्या मातीच्या चिखलात एक मॅच, हरलात की घरी, वर्ष संपलं. माझी लेक पाचवीत असताना त्यांच्या शाळेचं वर्ष चाळीस मिनिटांत संपलं होतं; त्यातली सहा मिनिटं ती खेळली. लीगमध्ये हरलात तरी पुढच्या रविवारी पुन्हा मॅच असते. अकरा वर्षांच्या पोराला मॅच हव्यात, म्हणून दोन्ही रस्ते धरा, पण खरं वजन क्लबवर ठेवा.

आणि 'लीग' या शब्दाला भुलू नका. मी भुलले. गंगापूर रोडकडच्या एका अकादमीने (नाव घेत नाही) "इन-हाउस यूथ लीग" असं छापलं होतं, मी वर्षाची फी एकदम भरून मोकळी झाले. पहिल्या रविवारी गेले तर त्यांचीच बावन्न पोरं चार रंगांच्या बिबांत (जर्सीवर चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्यांत) वाटलेली. लाल विरुद्ध पिवळा, निळा विरुद्ध हिरवा, आणि शिट्टी मारायला त्यांचेच धाकटे कोच. पुढच्या रविवारी पिवळ्यातला गोलकीपर आला नाही तर हिरव्यातला एक त्याच्या जागी उभा केला. पोरांना मजा आली, लेकीलाही, पण त्याला लीग म्हणणं म्हणजे गल्लीतल्या भोंडल्याला राज्यस्तरीय म्हणण्यासारखं आहे. पैसे परत मागितले तेव्हा पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवला. तेव्हापासून मी फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारते. बाहेरच्या किती टीम येतात आणि कोणत्या? रेफरी कुठून येतो? कोचकडे महासंघाचं लायसन्स कोणतं, निदान डी आहे का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं म्हणून लगेच उठून येऊ नका. आमच्या सरांनी डी लायसन्स नंतर केलं. पण पहिल्या दोनांवर कुणी विषय बदलला तर उठा.

फी महिन्याचीच भरा. पहिला महिना सरावाला तरी बघा. मैदान अचानक बदलतं हेही धरून चाला: कुणाची सभा, कुणाचं प्रदर्शन, आणि रात्री दहाला ग्रुपवर मेसेज, "उद्या प्रॅक्टिस दुसऱ्या ग्राउंडला". यात सरांचा दोष नसतो.

कागदांत मी माझ्याच चुकीने एक सीझन घालवला. लीगच्या यादीसाठी जन्मदाखला मागितला. दाखला होता, पण मुलीच्या नावाची जागा कोरी! जन्म माहेरी येवल्याला झाला, नोंद झाली तेव्हा बारसंही व्हायचं होतं, आणि नंतर कुणाला सुचलं नाही. शाळेत तोच दाखला चालला, आधार कार्डही निघालं, पण वयाच्या बाबतीत लीगवाले डोळ्यांत तेल घालून बघतात, आणि बघायलाच हवं. मिसरूड फुटलेले 'बारा वर्षांचे' बचावपटू मी पाहिले आहेत. मग येवला नगरपरिषदेत दोन खेपा, अर्ज, विलंब शुल्क, आणि नवीन दाखला हातात पडेपर्यंत यादी बंद. ती हिवाळाभर बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरत होती. तुम्ही आत्ता उठा, कपाट उघडा आणि मुलाच्या दाखल्यावर नाव आहे का, आधारवरच्या स्पेलिंगशी जुळतं का, हे बघा. नसेल तर जन्म जिथे नोंदवला तिथेच जावं लागेल, नाशिक महापालिकेत होणार नाही. दोन फोटो, शाळेचं बोनाफाईड आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट हे बाकीचं एका दिवसात होतं.

सामानावर आत्ताच खर्च नको. शिन गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून, आणि घरी सरावाला बॉल घेणार असाल तर चार नंबरचा, पाच नाही. स्टड्स (तळाला खुंट्या असलेले बूट) घेण्याआधी मैदान बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर लांब स्टड घालून घोटे दुखतात, टर्फसाठी वेगळे बूट लागतात.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की धाकटी सात वर्षांची आहे, "ती नुसती बघायला येते". तिलाही उतरवा. महासंघाने २०१८ पासून गोल्डन बेबी लीग सुरू केल्या तेव्हा लहान वयात मुलं-मुली एकाच टीममध्ये खेळतील असंच ठेवलं होतं, आणि बऱ्याच सरांनी ती सवय पुढे चालवली. आमच्या मैदानावर सध्या आठ वर्षांखालच्या गटात तीन मुली आहेत. चौथीची वाट बघतायत, कारण तिघींचं म्हणणं आहे की आमची वेगळी टीम करा.

पुण्याचा क्लब कोणता होता ते इथे लिहू नका, फक्त सीआरएस नोंद आहे की नाही आणि मुलाचं जन्मवर्ष एवढं खाली कळवा. त्यावरून तो यंदा कोणत्या गटात बसतो ते सरांना विचारून सांगते. शनिवारी मी आमच्या सरांच्या मैदानावरच असते, कंपाउंडच्या भिंतीला टेकून, बहुतेक दुसऱ्या चहावर.