ओळखीच्या घरी खोली घेण्यापूर्वी : निपाणीहून लेस्टरला निघालेल्या विद्यार्थिनीस

तुम्ही सप्टेंबरमध्ये लेस्टरला एमएस्सीसाठी येत आहात आणि तुमच्या वडिलांच्या मित्राचा मुलगा व सून आपल्या घरातली एक खोली दरमहा ४५० पौंडांना देणार आहेत. एका महिन्याचे डिपॉझिट निपाणीतच त्यांच्या आईवडिलांकडे रुपयांत द्यावे आणि घरच्याच माणसांत कागद कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. अशा खोलीत भाडेकरू म्हणून आपले हक्क काय, असे तुम्ही विचारले आहे. मी खानापूरचा, नऊ वर्षांपूर्वी अशाच ओळखीच्या घरी उतरलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्लंडच्या कायद्याने तुम्ही ‘टेनंट’ ठरणारच नाही. मालक त्याच घरात राहतो आणि स्वयंपाकघर किंवा बाथरूम सामाईक असते, तेव्हा खोलीत राहणाऱ्याला ‘लॉजर’ म्हणतात. आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणालाही घराबाहेर काढता येऊ नये म्हणून १९७७ च्या प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिक्शन ॲक्टने जे संरक्षण दिले आहे, त्यातून अशा लॉजरला वगळलेले आहे. मालकाने वाजवी मुदतीची सूचना द्यावी, एवढेच बंधन उरते. ती सूचना तोंडीही चालते, आणि भाडे आठवड्याने देत असाल तर एका आठवड्याची मुदतही सहसा वाजवी मानली जाते. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करण्याची सक्ती टेनंटच्या डिपॉझिटला आहे, लॉजरच्या नाही.

मला एका शुक्रवारी सांगण्यात आले की पुढच्या शनिवारी गावाकडची मंडळी येणार आहेत, खोली रिकामी करा. डिपॉझिट आजतागायत मिळाले नाही. मागायला गेलो असतो तर खानापुरात आईला त्याच घरच्या लोकांसमोर मान खाली घालावी लागली असती, म्हणून गप्प बसलो. टिळकवाडीत शिकत असताना परक्या मालकाशी मी अकरा महिन्यांचा करार केला होता, आणि इथे ओळखीपोटी एक ओळही लिहून घेतली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून कायद्याने जे दिलेले नाही ते कागदावर लिहून घ्या. दोन्ही बाजूंनी किमान एक महिन्याची सूचना, भाड्यात वीज-गॅस-इंटरनेट धरले आहे की नाही, डिपॉझिट किती, कोणत्या कारणाने कापता येईल आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल, एवढे एका पानात मावते. असा सही केलेला कागद हाती असेल, तर डिपॉझिटसाठी छोट्या रकमांच्या दाव्याची सोय तुम्हालाही खुली आहे. मात्र डिपॉझिट निपाणीत रुपयांत दिले, तर इथे तो व्यवहार झाल्याची खूणही राहत नाही. ते त्यांच्या इथल्या बँक खात्यातच भरा, भाडेही तसेच द्या.

कागदाला नकार बहुधा कराच्या भीतीने येतो, आणि ती भीती इथे लागू नाही. स्वतःच्या राहत्या घरातली फर्निचरसह खोली भाड्याने दिल्यास ‘रेंट अ रूम’ योजनेत वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचे भाडे करमुक्त असते. तुमचे वर्षाचे ५,४०० होतात. पूर्णवेळ विद्यार्थी कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, हिशेबात धरला जात नाही, त्यामुळे तुमच्या येण्याने त्यांचा तो करही वाढणार नाही. हे वडिलांमार्फत आधीच कळवा, म्हणजे संकोच राहणार नाही. मात्र ते स्वतःच भाड्याच्या घरात राहत असतील, तर त्यांच्या मालकाची परवानगी आहे का हे जरूर विचारा. ती नसेल तर त्यांच्यासोबत तुमचेही छप्पर जाऊ शकते. तुमचा व्हिसा तपासणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यात अपमान मानू नका.

भाड्यात सूट देऊन मुलांना शाळेतून आणायला किंवा सांभाळायला सांगितले, तर नम्रपणे नाही म्हणा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा असते, आणि भाड्याच्या मोबदल्यात केलेले हे काम नोकरीच धरले जाऊ शकते. वहिनींना एखाद्या दिवशी हातभार लावणे वेगळे.

अडचण आलीच, तर विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस ही सेवाभावी संस्था विनामूल्य मार्गदर्शन करतात. कागदावर दोघांच्या सह्या होईपर्यंत विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज मात्र मागे घेऊ नका.