ऑप्टिमातला लाल ठिपका आणि न सापडणारा बॅटरीचा कप्पा

काकांनी १९६१ मध्ये श्टुटगार्टहून आणलेल्या आग्फा ऑप्टिमा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) घरात सतत लाल ठिपकाच दिसतो, बॅटरीचा कप्पा कुठेही सापडत नाही, तेव्हा हा कॅमेरा भंगारात काढावा का, असे आपण विचारले आहे. घाई करू नये. कप्पा सापडत नाही, कारण तो मुळात नाहीच.

लेन्सच्या जवळची ती खडबडीत काचेची पट्टी म्हणजे सेलेनियमचा सेल. प्रकाश पडला की तो स्वतःच अतिशय क्षीण वीज निर्माण करतो आणि त्या विजेने आतली केसासारखी बारीक सुई सरकते. बटण दाबताच सुई जागच्या जागी चिमटली जाते, मग एक दातेरी तुकडा तिला येऊन टेकतो आणि तो किती अंतरावर अडला यावरून शटरचा वेग व लेन्समधल्या छिद्राचा आकार हे दोन्ही ठरतात. सारा हिशेब स्प्रिंगा आणि तरफांच्या जोरावर होतो. प्रकाश पुरेसा असेल तर ठिपका हिरवा, नसेल तर लाल. त्यामुळे सायंकाळी घरात, ट्यूबलाइटखाली लाल दिसणे हा दोष नसून तो कॅमेऱ्याने दिलेला खरा इशारा आहे.

ऑप्टिमाला कधीकधी ‘जगातला पहिला स्वयंचलित कॅमेरा’ म्हटले जाते, त्यात थोडी दुरुस्ती हवी. कोडॅकच्या सुपर सिक्स-२० ने १९३८ मध्येच छिद्र आपोआप ठरवून दाखवले होते. वेग मात्र आपणच निवडायचा. आग्फाच्या म्युनिकमधल्या कारखान्यातून १९५९ मध्ये आलेल्या ऑप्टिमाने वेग आणि छिद्र दोन्ही आपल्या हातून काढून घेतले, हे तिचे खरे वेगळेपण. आग्फासारख्या फिल्म विकणाऱ्या कंपनीला त्यात स्वारस्य असणे स्वाभाविकच होते, कारण रंगीत फिल्म महाग, आणि फसलेल्या फोटोंचा रोल पाहून हिरमुसलेले गिऱ्हाईक दुसरा रोल लवकर घेत नाही. (आपल्याकडे आग्फा म्हटले की बडोद्यात पूर्वी तयार होणारा क्लिक थ्री आठवतो; त्या साध्या डब्याचे ऑप्टिमाशी नाते आडनावापुरतेच आहे.)

आता परीक्षा. कॅमेरा दुपारच्या उन्हात न्यावा, बटण दाबून ठिपका पाहावा, मग सेलवर तळहात ठेवून पुन्हा पाहावा. हिरव्याचा लाल झाला तर सेल जिवंत आहे. त्यानंतर रोल न घालता मागचे झाकण उघडून, एकदा आकाशाकडे आणि एकदा खोलीच्या कोपऱ्याकडे रोखून शटर सोडावे. मागून पाहताना आकाशाच्या वेळी छिद्र टाचणीच्या डोक्याएवढे आणि कोपऱ्याच्या वेळी चांगले मोठे दिसायला हवे. रोल नसताना आग्फाच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत नुसता खटका ओढून शटर चढत नाही, फिल्मची भोके पकडणारे दातेरी चाक बोटाने फिरवावे लागते. हे ठाऊक नसल्याने कित्येक धडधाकट कॅमेरे ‘शटर गेले’ म्हणून विकले जातात.

माझ्याकडच्या ऑप्टिमाचा सेल जिवंत आहे, पण थकलेला. थकलेल्या सेलला प्रकाश आहे त्याहून कमी वाटतो, त्यामुळे फोटो गरजेपेक्षा उजळ येतात. म्हणून मी १०० चा (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) रोल घालून त्या आकड्याचे कडे २०० वर, म्हणजे जुन्या जर्मन मापात २४ डिनवर ठेवतो, म्हणजे कॅमेरा प्रकाश कमी आत सोडतो आणि निगेटिव्ह ठीक येतात. चामडी केसमध्ये, अंधारात राहिलेले सेल जास्त टिकतात असा साधारण अनुभव आहे, तेव्हा आपल्या काकांची केस असेल तर आशा धरायला हरकत नाही.

अंतराचे कडे, म्हणजे डोके, घोळका आणि डोंगर अशी चित्रे असलेले, फिरत नसेल तर जोर मुळीच लावू नये. त्या काळी आग्फाने वापरलेले हिरवट ग्रीस पुढे गोंदासारखे घट्ट होते. जोर लावला तर पुढच्या भिंगाबरोबर आतले भिंगही फिरते, आणि मग कडे सैल झाल्याचा आनंद होतो खरा, पण फोटो सगळे धूसर येतात. हे काम जुने कॅमेरे उघडण्याचा सराव असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

सेल खरोखरच मेला असेल तरी कॅमेरा निकामी होत नाही. स्वयंचलित खुणेवरून कडे फ्लॅशसाठीच्या आकड्यांवर आणले की वेग १/३० सेकंदावर थांबतो आणि छिद्र आपण निवडू शकतो (छिद्राचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). १०० च्या रोलला भर उन्हात १/१२५ वर १६ चे छिद्र लागते, म्हणजे १/३० वर ३२ चे लागेल, आणि ते या लेन्सवर नाही. २२ वर काढल्यास एका पायरीने जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश पडतो. सावलीत मात्र ११ अगदी बरोबर बसते. उन्हातली ती एक जादा पायरी रंगीत निगेटिव्ह सहज पचवते. स्लाइडचा रोल पचवत नाही, तो यात घालू नये.