हैदराबाद पाहताना गाईड कुठे घ्यावा?

वाचकांचे प्रश्न : सहल आणि प्रवास

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता, मुलगा, सून आणि नऊ व तेरा वर्षांची दोन नातवंडे असे सहा जण तीन दिवसांसाठी हैदराबादला जाणार आहोत. दवाखान्याच्या कामाने आणि लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी तिथे अनेकदा जाणे झाले. शहर पाहणे मात्र राहून गेले. एका दिवसात सात ठिकाणे दाखविणारी बससहल, खासगी गाईड आणि ऑनलाइन नोंदणीची पायी सहल असे तीन पर्याय समोर आहेत. पैसे कशावर खर्च करावेत?
— सेवानिवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : दरांची तुलना करण्यापूर्वी, कोणत्या ठिकाणी सांगणारा माणूस सोबत नसेल तर समोरचे दिसूनही कळणार नाही, हे आपण ठरवावे. पैसे तिथेच खर्च करावेत आणि बाकीचे शहर आपल्या वेळेने, आपल्या पायांनी पाहावे. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी आपण पाहिली असेलच. माहीतगार सोबत नसेल तर ती काळोखातली एक वाट एवढीच वाटते. शत्रूला तिथे कसे चकवीत असत हे कोणी जागेवर उभे राहून सांगितले, तरच तो किल्ला उमगतो.

या कसोटीवर हैदराबादमध्ये गोवळकोंड्याला गाईड अवश्य घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंत, ऐकू जाते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु खापरी नळांमधून आणि रहाटांच्या साहाय्याने पाणी टप्प्याटप्प्याने वर कसे चढवीत असत, तोफा नेमक्या कोणत्या दिशेला रोखलेल्या होत्या आणि १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाच्या हाती हा किल्ला कसा पडला, हे दगडांकडे पाहून आपोआप समजत नाही. नऊ वर्षांच्या मुलालाही नळाचा तुकडा दाखवून पाण्याची वाट सांगितली तर तो कंटाळणार नाही. वर जाण्यासाठी सुमारे ३६० पायऱ्या आहेत. त्यामुळे सकाळी किल्ला उघडताच आत जावे आणि दोन तासांचा गाईड ठरवावा. आपणास वर चढणे जमणार नसेल, तर खालच्या भागासाठी वेगळा वेळ देण्याचे त्याच्याशी आधीच बोलून घ्यावे.

मराठवाड्याच्या माणसाने तिथल्या गाईडला अबुल हसन कुतुबशहाविषयी, म्हणजे तानाशहाविषयी, मुद्दाम विचारावे. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, आले, तेव्हा त्यांची भेट याच कुतुबशहाशी झाली होती. गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने त्याला दौलताबादला, म्हणजे आपल्या देवगिरीवर, चिनी महालात कैदेत ठेवले. तिथेच त्याचा अंत झाला आणि त्याची कबर खुल्दाबादला आहे. गोवळकोंड्याजवळच कुतुबशाही घराण्याच्या भव्य कबरींचा समूह आहे आणि आगाखान संस्थेच्या सहकार्याने अनेक वर्षे काम होऊन त्याचे उत्तम जतन झाले आहे. या घराण्याचा शेवटचा राजा मात्र तिथे नाही. ही गोष्ट नातवंडांना कबरींसमोर उभे राहून सांगावी आणि परत आल्यावर एखाद्या रविवारी त्यांना खुल्दाबादला न्यावे.

बससहलीविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. तेलंगणा पर्यटन विकास महामंडळाच्या आणि खासगी कंपन्यांच्या अशा सहली असतात. एकट्या प्रवाशाला किंवा एकच दिवस हाताशी असणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत. आपल्याजवळ तीन दिवस आहेत. दहा तासांत सात ठिकाणे म्हटल्यावर जेवण, चहा, वाहतुकीतला खोळंबा आणि सर्वांची बसमध्ये चढ-उतार वजा करता एका ठिकाणी पाऊण तासही धड उरत नाही, आणि गोवळकोंड्याला पाऊण तास म्हणजे फक्त दरवाजा पाहणे. तरीही बसच घ्यायची ठरली, तर प्रत्येक ठिकाणी किती वेळ मिळेल हे लेखी विचारावे, प्रवेशाची तिकिटे दरात धरली आहेत की वेगळी आहेत हे पाहावे आणि खरेदीसाठी थांबा आहे का याचीही चौकशी करावी. मोत्यांच्या दुकानात गेलेला तास हा चौमहल्ला राजवाड्याच्या वाट्याचा तास असतो.

सालारजंग संग्रहालयात गाईडपेक्षा निवड महत्त्वाची आहे. तिथली दालने एका दिवसात पाहून होत नाहीत आणि सगळी पाहण्याचा हट्ट धरला तर मुले तिसऱ्याच दालनात बसकण मारतात. इटालियन शिल्पकार बेंझोनीची बुरखा घेतलेली रिबेका, तासाला टोले देणारे घड्याळ आणि शस्त्रांचे दालन एवढे निश्चित करून जावे. घड्याळापुढे बारा वाजता सर्वाधिक गर्दी होते, म्हणून एखादा अलीकडचा तास साधावा. चौमहल्ल्यात माहितीफलक पुरेसे आहेत. जाण्यापूर्वी एवढे वाचून ठेवावे की निजामाची राजधानी १७६३ मध्ये औरंगाबादहून हैदराबादला गेली, म्हणजे त्या दरबाराची सुरुवातीची वर्षे आपल्या भागात गेली होती. सालारजंग आणि चौमहल्ला ही दोन्ही ठिकाणे शुक्रवारी बंद असतात. आपल्या तीन दिवसांत शुक्रवार येत असेल तर तो गोवळकोंड्याला द्यावा.

पायी सहल चारमिनार परिसरासाठी घ्यावी, आणि ती सकाळची. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधलेली ही वास्तू गर्दीत नुसती डोके वर करून पाहिली जाते. सकाळी तिच्या चार कमानींतून चार रस्ते कसे फुटतात आणि नवे शहर त्यांभोवती कसे आखले गेले, हे चालत असतानाच कळते. आपण सहा जण आहात, त्यामुळे माणशी दर असलेल्या सहलीपेक्षा संपूर्ण कुटुंबासाठी एक गाईड ठरविणे स्वस्त पडण्याची शक्यता आहे. दोन्ही हिशेब करून पाहावेत.

प्रश्न : गोवळकोंड्याच्या दारात चार-पाच जण 'गाईड, गाईड' म्हणत मागे लागतात. त्यांतला खरा कोण हे कसे ओळखावे? मागच्या सहलीत एका गाईडने आम्हाला अर्ध्या तासात गुंडाळले आणि वरून जास्तीचे पैसे मागितले.
— एक वाचक, जालना

उत्तर : पर्यटन विभागाची मान्यता असलेल्या गाईडजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र असते; ते दाखविण्यास जो टाळाटाळ करील त्याला नम्रपणे नकार द्यावा. पाय उचलण्यापूर्वीच दर माणशी की गटाचा, वेळ किती, वरपर्यंत येणार की खालूनच परतणार आणि पैसे शेवटी एकदाच द्यायचे, या चार गोष्टी ठरवाव्यात. वेरूळला आपण याच पद्धतीने बोलणी करतो. परक्या शहरात संकोच वाटतो आणि तिथेच फसगत होते.

ज्ञानाची परीक्षा करायची असेल तर हिऱ्यांविषयी विचारावे. गोवळकोंड्याचे हिरे किल्ल्यात सापडत नसत. कृष्णा नदीकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून ते येत आणि गोवळकोंडा ही त्यांची बाजारपेठ होती. किल्ल्यापासून चारमिनारपर्यंत भुयार असल्याची कथाही तिथे हमखास ऐकायला मिळते. ती सांगण्यात गैर काही नाही. 'असे लोक म्हणतात' असे जोडून जो सांगतो, तो गाईड विश्वासाचा समजावा. इंग्रजी गाईडसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण तिथली दखनी आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला चांगली समजते आणि त्या भाषेत गाईड अधिक मोकळेपणाने बोलतो. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मात्र वेगवेगळ्या भाषांत होतो, म्हणून तिकीट काढताना हिंदीची वेळ विचारून घ्यावी.

प्रश्न : आम्ही तिघी सहकारी मैत्रिणी दोन दिवसांसाठी जात आहोत. चारमिनारजवळची रात्रीची खाद्यभ्रमंती घ्यावी असे वाटते, परंतु आमच्यापैकी एक शाकाहारी आहे. घ्यावी का?
— एक वाचिका, नांदेड

उत्तर : घ्यावी, परंतु थांब्यांची यादी आधी मागवून. हलीम गहू आणि मटणाची असते आणि रमजानच्या संध्याकाळी तर सगळी भ्रमंती तिच्याभोवतीच फिरते. त्या दिवसांत आपल्या मैत्रिणीच्या वाट्याला इराणी चहा, उस्मानिया बिस्किट आणि खुबानी का मीठा एवढेच येईल आणि दर मात्र सारखाच पडेल. संयोजकाला शाकाहारी थांबे किती असे थेट विचारावे. उत्तर मोघम आले तर सकाळची चहा-नाश्त्याची भ्रमंती निवडावी. लाड बाजारातली लाखेच्या बांगड्यांची दुकाने उशिरा उघडतात, त्यामुळे सकाळच्या सहलीनंतर तिथे आरामात जाता येते.

रात्रीची सहल घेतल्यास ती कुठे आणि किती वाजता संपते हे निश्चित करावे. मेट्रो चारमिनारपर्यंत जात नाही. जवळचे स्थानक महात्मा गांधी बस स्थानकाचे आहे आणि तिथून पुढे रिक्षा करावी लागते. परतीचे वाहन संयोजक ठरवून देत असेल तर त्यासाठी थोडे अधिक पैसे द्यायला हरकत नाही. नोंदणीपूर्वी अभिप्राय वाचताना तारकांपेक्षा, महिलांनी एकट्याने किंवा मैत्रिणींसोबत घेतलेल्या सहलींचे सविस्तर अभिप्राय शोधून वाचावेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला हैदराबाद मुक्तिसंग्रामाशी संबंधित स्थळे विद्यार्थ्यांना दाखवायची आहेत. अशी तयार सहल मिळते का?
— प्राध्यापिका, लातूर

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. पर्यटकांपुढे ठेवल्या जाणाऱ्या नेहमीच्या सहली निजामाच्या वैभवाच्या असतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या राजवटीत आपली माणसे कशी लढली, हे त्यांत क्वचितच येते. म्हणून ही सहल आपणच आखावी. आरंभ उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाच्या इमारतीपासून करावा. विद्यापीठ १९१८ चे. १९३८ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्याच आंदोलनात औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही होते, आणि बडतर्फ झालेल्यांमध्ये पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाची ही मुले होती, हे त्या पायऱ्यांवर बसून सांगितले तर वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही.

त्यानंतर १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था पाहावी. उर्दू हे राज्यकारभाराचे आणि शिक्षणाचे माध्यम असताना तिथे मराठी शाळा टिकवणे हेही लढ्याचेच काम होते. कोठी भागातील ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीचे निवासस्थान, निजाम आणि इंग्रज यांचे नाते समजण्यासाठी दाखवावी. शेवटी बेगमपेठेतील, मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्मारकावर जावे. विद्यापीठ आणि संस्था यांना महाविद्यालयाच्या पत्रावर आधी कळवावे, आणि गाईडऐवजी तिथल्या इतिहास विभागातील एखाद्या अध्यापकाला दोन तास सोबत येण्याची विनंती करावी. निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील मुक्तिसंग्रामाची एक आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणली, तर त्या स्थळांवर विचारायला त्यांच्याजवळ स्वतःचे प्रश्न असतील.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला रामोजी फिल्म सिटीला न्यावे का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : तिथे आतल्या आत फिरविणाऱ्या बसगाड्या आहेत, परंतु कार्यक्रमांच्या जागी चालणे आणि उभे राहणे बरेच होते. शहराबाहेर विजयवाड्याच्या रस्त्यावर असल्यामुळे त्यात पूर्ण दिवस जातो आणि मधूनच परतणे अवघड होते. आईंना चित्रपटांची मनापासून आवड असेल तरच न्यावे, आणि व्हीलचेअरची सोय आदल्या दिवशी फोनवरून निश्चित करावी. आवड तेवढी नसेल, तर चौमहल्ल्याच्या अंगणात दुपारचे दोन तास आणि मग संध्याकाळी हुसेनसागराच्या काठी बसणे त्यांना अधिक सुखाचे होईल.