आखनमधला पहिला शनिवार-रविवार

प्रश्न : वस्त्रतंत्रज्ञानाच्या मास्टर्ससाठी मी जर्मनीत आखनला चालले आहे. ऑक्टोबर सुरू होताच पोहोचेन. बरोबरच्या मुली पहिल्याच शनिवार-रविवारी पॅरिसला जायचं म्हणताहेत. जाऊ का? – विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आत्ता नको. आखनहून पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे, पण तिला विद्यार्थी पास (सेमिस्टर तिकीट) चालत नाही आणि ऐनवेळचं तिकीट फार महाग पडतं. शिवाय पहिल्या आठवड्यात तुझ्या हातात पैसे कमीच असतील. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खात्यातले, दरमहाचे पैसे जर्मन बँक खातं चालू झाल्यावरच सुटतात. तोवर फॉरेक्स कार्ड आणि शंभर-दीडशे युरो रोख यांवर भागवायचं आहे. कार्ड वापरताना मशीन ‘युरो की रुपये’ विचारतं, तिथे नेहमी युरोच निवड. रुपये निवडलेस तर मशीनवाल्याचा चढा दर लागतो.

शनिवार आखनलाच दे, आणि पायीच फिर. सुरुवात एलिझेनब्रुनेनपासून कर. पांढऱ्या खांबांचा मंडप आहे, आत नळातून गरम पाणी सतत वाहत असतं. हात धर, चांगलंच कढत लागेल. गंधकाचा वास वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्यांना लगेच ओळखू येतो. पिऊ नकोस, ते पिण्याचं पाणी नाही. याच झऱ्यांसाठी आधी रोमन इथे आले आणि पुढे सम्राट शार्लमेननेही इथेच मुक्काम केला.

तिथून डोम, म्हणजे आखनचं कॅथेड्रल, दोन-तीन मिनिटांवर. शार्लमेनने बांधलेला अष्टकोनी गाभा बाराशे वर्षांहून जुना आहे. ९३६ ते १५३१ या काळात जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे झाले. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी काढली तेव्हा तिच्यात अवघी १२ ठिकाणं होती, हे त्यांतलं एक. अष्टकोनाच्या मधोमध उभी राहून वर बघ, मग पुढच्या भागातल्या उंच काचांकडे जा. शार्लमेनचं सिंहासन वरच्या मजल्यावर आहे आणि ते फक्त मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीत दिसतं, त्याचं तिकीट वेगळं. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने आत हिंडता येत नाही, म्हणून डोम शनिवारीच उरक. मागचा टाउन हॉल बाहेरून पाहिलास तरी चालेल. संध्याकाळी लौसबेर्ग टेकडी चढ, सगळं शहर खाली दिसतं.

रविवारी तीन देशांच्या सीमेवर जा. जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम जिथे भेटतात ती टेकडी ३२२ मीटर उंच आहे. आखनहून वाल्स या डच गावापर्यंत सिटी बस जाते. पास कुठल्या थांब्यापर्यंत चालतो ते आधी ॲपमध्ये बघून घे. वाल्सहून पुढे दोन-अडीच किलोमीटरची चढण आहे. तिन्ही देशांत पाय टाकायला दोन मिनिटं पुरतात, पण भोवतालच्या जंगलवाटांना दोन तास ठेव. १८१६ ते १९२० या काळात याच ठिकाणी मोरेस्नेट नावाच्या चिमुकल्या तटस्थ प्रदेशाचीही हद्द होती, म्हणजे बेल्जियम वेगळा देश झाल्यावर इथे चार सीमा मिळत होत्या.

इथेच मुलं एक चूक करतात. अक्कलकोटच्या पुढे कर्नाटक कधी लागलं ते कळत नाही, तशीच ही सीमा आहे, दगड आणि पाटी सोडून काही दिसत नाही. म्हणून पासपोर्ट खोलीवर राहतो आणि खिशात नुसती झेरॉक्स असते. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि परतताना बस थांबवून कागद बघू शकतात. मूळ पासपोर्ट जवळच हवा. तुझ्या ‘डी’ व्हिसावर (दीर्घ मुक्कामाच्या) शेजारच्या शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस जाता येतं, तेव्हा जाण्याला हरकत काहीच नाही. कागद सोबत नसले तरच अडचण.

प्रश्न : सेमिस्टर तिकिटावर कोलोनला जाऊन यायचं आहे. चुकीच्या गाडीत बसलो तर दंड होतो म्हणे? – विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : होतो, ६० युरो. पास ‘आरई’, ‘आरबी’, ‘एस’ अक्षरांच्या स्थानिक गाड्यांना, ट्रामला आणि बसला चालतो, ‘आयसीई’ आणि ‘आयसी’ या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त स्थानिक गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती आधी चालू कर म्हणजे चुकीची गाडी समोर येतच नाही. आखनहून आरई १ किंवा आरई ९ धर, साधारण तासाभरात कोलोन येतं. पाटीवर ‘क्योल्न’ असा उच्चार होणारं नाव असेल, गोंधळू नकोस.

पास दुसऱ्या वर्गाचा आहे. डब्यावर ‘१’ लिहिलेलं दिसलं की पुढे सरक, डबा रिकामा असला तरी. पासवर तुझं नाव असतं म्हणून ओळखपत्र सोबत ठेव. पास मोबाइलमध्ये असेल आणि बॅटरी संपली तर तपासनिसाच्या लेखी तू विनातिकीटच. आठवड्याच्या आत पास दाखवलास तर ६० ऐवजी ७ युरोंवर सुटतोस, पण ती धावपळ हवीच कशाला? पॉवर बँक घे. आणखी एक, हिवाळी सत्राचा पास १ ऑक्टोबरपासून लागू होतो. सप्टेंबरअखेरीस पोहोचलास तर त्या दिवसांचं तिकीट विकत घ्यावं लागेल.

गाडी आली की दार आपोआप उघडेल म्हणून उभा राहू नकोस. दारावरचं बटण दाबावं लागतं, आणि ते दिवा लागल्यावरच चालतं. हुतात्मा एक्स्प्रेसला लोंबकळून चढायची सवय इथे कामाची नाही. काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन वेगवेगळ्या दिशांना जातात, तेव्हा प्लॅटफॉर्मवरची ए, बी, सी अक्षरं आणि डब्यावरचा फलक दोन्ही वाच. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. ॲपमध्ये किंवा फलकावर ‘एसईव्ही’ दिसलं तर तीच ती बस, तास-दीड तास जास्त धर. परतताना शेवटच्या गाडीवर कधीच विसंबू नकोस, तिच्याआधीची दुसरी पकड.

कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे. बांधकाम १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली पुरं झालं, उंची १५७ मीटर. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि गोल जिना इतका अरुंद की उतरणाऱ्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. थंडीत मनोरा लवकर बंद होतो, म्हणून आधी चढ, देऊळ नंतर बघ. मग कुलपांनी लगडलेल्या होहेनझोलर्न पुलावरून ऱ्हाइन ओलांडून पलीकडे जा. कॅथेड्रल पुरतं दिसतं ते त्या काठावरून.

प्रश्न : मुलगा शाकाहारी आहे. बरोबर काय देऊ? रविवारी तिथे सगळं बंद असतं असं ऐकलं. – आई, दमाणी नगर

उत्तर : खरं आहे, जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या एवढंच उघडं. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हाही तेच. म्हणून दूध, ब्रेड, भाजी शनिवारी दुपारपर्यंत भरून ठेवायला सांगा. राहिलंच तर वाल्समध्ये डच दुकानं रविवारी उघडी सापडतात.

तूप, खवा, पेढे देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता, लिंबंही नकोत. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र खुशाल द्या. सहलीच्या दिवशी भाकरी पिशवीत टाकली की चुरा होतो, म्हणून फडक्यात गुंडाळून पसरट स्टीलच्या डब्यात, वर चटणीची पुडी. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, खोलीवरूनच एक लिटरची बाटली भरून न्यायची. विकतच्या पाण्यात बुडबुडेवालं जास्त, साधं हवं तर लेबलवर ‘श्टिल’ वाचायचं. बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. बाटली फेकू नये, दुकानातल्या मशीनला दिली की पैसे परत मिळतात.

गमीच्या गोळ्यांत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, बऱ्याच चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं, वासराच्या पोटातलं रेनेट. ‘वेगान’ लिहिलेलं घेतलं की दोन्हींतून सुटका.

प्रश्न : फिरायला गेल्यावर तिला फोन कधी करावा? – वडील, सात रस्ता

उत्तर : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेतीन तास पुढे असतो, त्यानंतर साडेचार. त्याच रविवारी पहाटे तिथली घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा त्या दिवशी फोन लवकर लागला नाही तर घाबरू नका. तिथे संध्याकाळी सात म्हणजे आपल्याकडे साडेदहा, नंतर साडेअकरा. जर्मन सिम नेदरलँड्स-बेल्जियममध्ये जादा पैशाशिवाय चालतं, पण ते चालू व्हायला पासपोर्ट तपासणी लागते. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे नेट नसण्याची शक्यता धरा आणि नकाशा वायफायवर आधीच उतरवून घ्यायला सांगा. निघताना कुठे चालली, कोणत्या गाडीने परतणार, एवढं एका ओळीत कळवलं तरी पुरे. तातडीचा नंबर तिन्ही देशांत एकच, ११२.