लहानपणीच्या माराचे व्रण जावेत म्हणून जिम आणि डायरी सुरू केली, पण त्रास वाढला. सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा मार खात मोठे झालात, आता तिशीत जिम लावलीत, रोज रात्री डायरी लिहिता आणि दोन्हीनंतर छाती धडधडते, झोप उडते. सोडू नका. पण ‘घाम गाळ, सगळं कागदावर ओक, मोकळा होशील’ असं सांगणाऱ्यांचं ऐकणं आजच बंद करा. त्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. त्यांना मात्रा हा प्रकारच ठाऊक नसतो.

धाप, घाम, धडधड ही भीतीचीही लक्षणं आहेत. ट्रेडमिलवरची धाप आणि दाराची कडी वाजल्यावर लागायची ती धाप यांतला फरक शरीराला शिकवावा लागतो. पहिले दोन आठवडे फक्त चाला, 20 ते 30 मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने. मग 30 सेकंद भरभर जिना चढा. वर पोचल्यावर मोबाइल काढू नका. छातीवर हात ठेवून धडधड उतरू द्या. ती आपोआप उतरते हे शरीराला कळणं, यासाठीच हा खटाटोप. तीन-चार फेऱ्या पुरे. जिममध्ये भिंतीला पाठ येईल अशी जागा धरा. ट्रेनरला आधीच सांगा, हात लावू नका, चूक तोंडी सांगा. तो ओरडणारा असेल तर बॅच बदला. सूर्यनमस्कार सावकाश, डोळे उघडे ठेवून. शवासनात डोळे मिटून उताणं पडवत नसेल तर कुशीवर व्हा.

लिखाण रात्री नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी रोज 15 मिनिटं, सलग 4 दिवस लिहिलं. बस, एवढंच. लिहून उठल्यावर त्यांनाही जास्तच वाईट वाटत होतं. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या पुढच्या काही महिन्यांत. रोज रात्री तोच प्रसंग त्याच शब्दांत उगाळला की खपली निघत राहते.

15 मिनिटांचा गजर लावा. पहिल्या दिवशी प्रसंगाला हात घालू नका, एखादी वस्तू घ्या: पट्टा टांगायचा खिळा, मोरीतली बादली. रंग, आवाज, वास. दुसऱ्या दिवशी प्रसंग, पण ‘मी’ टाळून: ‘तो मुलगा आठ वर्षांचा होता.’ तिसऱ्या दिवशी तेच सगळं शेजारच्या काकूंच्या नजरेतून. चौथ्या दिवशी ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता कळतं’ अशा शब्दांनी वाक्यं जोडत जा. ज्यांच्या लिखाणात असे शब्द दिवसागणिक वाढले त्यांना फायदा जास्त झाला, असं पेनेबेकरना पुढे आढळलं. गजर झाला की अर्ध्या वाक्यावर थांबा, तोंडावर गार पाणी मारा, चालायला निघा. मध्येच असह्य झालं तर विषय बदला.

‘शेवटी वडीलच ते, माफ करून टाक’ असं कुणीतरी म्हणेलच. माफीची अट यात कुठेही नाही. करायची तर करा, नाही तर नाही; बरं होणं त्यावर अडत नाही. वही घरात कुणाला दाखवू नका. त्याच घरात राहत असाल तर लिहिलेलं फाडून टाकलंत तरी चालेल.

आणि हो, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर जिन्याआधी डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. लिहिताना आपण कुठे आहोत याचं भान सुटत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर वही मिटा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.