गिळण्या-बोलण्याची अडचण असलेल्या मुलीला घेऊन परदेशी जाताना

तुमचा प्रश्न असा: मुलगी आठ वर्षांची, मेंदूच्या मागच्या भागातली गाठ काढून आणि रेडिएशन-केमो संपून दोन वर्षं झाली. बोलणं अजून संथ, तुटक आहे, पाण्याचा ठसका लागतो, पोटावर फीडिंगचं बटण (थेट जठरात अन्न देण्याचं छोटं तोंड) आहे. तीन महिन्यांनी परदेशी जायचंय, तर तयारी काय करावी?

आधी गिळण्याची तपासणी उरका. बेरियम मिसळलेला घास-घोट गिळताना एक्स-रेवर चित्रण करतात, ती व्हिडिओफ्लोरोस्कोपी. घशाच्या नसांना इजा झालेली असली की पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला येईलच असं नाही. त्यामुळे ठसका कमी झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतो का, पुन्हा पुन्हा ताप किंवा छातीत कफ होतो का, ते बघा. नुसत्या रिपोर्टवर भागवू नका, चित्रणाची फाइलही मागून घ्या. नव्या ठिकाणी पहिली अपॉइंटमेंट मिळायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर काय, किती घट्ट आणि कोणत्या स्थितीत बसवून द्यायचं, हे आताच्या थेरपिस्टकडून लिहून घ्या.

'थोडं घट्ट पाणी' असं मात्र कागदावर लिहू देऊ नका. थिकनरचा (पाणी घट्ट करणाऱ्या पावडरीचा) ब्रँड बदलला की चमच्याचं मापही बदलतं. स्टार्चचं थिकनर ठेवलं की घट्ट होत जातं आणि लाळेने पातळ होतं, झँथन गमचं बऱ्यापैकी टिकतं. म्हणून आयडीडीएसआयच्या (खाण्यापिण्याचा घट्टपणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापाच्या) ० ते ७ पट्टीतली पातळी लिहून घ्या आणि मोजायला शिका. १० मिलिची सिरिंज घ्या, तिच्यावरची ० ते १० ही लांबी ६१.५ मिमी हवी. दट्ट्या काढा, तोंड बोटाने बंद करून १० मिलि भरा, बोट काढून १० सेकंद वाहू द्या. १ ते ४ मिलि उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ पेक्षा जास्त उरलं तर ३, आणि काहीच गळलं नाही तर ४. नवा डबा उघडला की ही चाचणी करायचीच.

बटणाचा फ्रेंच नंबर (नळीची जाडी), लांबी आणि ते आतून धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी किती मिलि, हे लिहून ठेवा. एक जादा बटण आणि जोडनळ्या हातातल्या बॅगेत हव्यात, सामानात टाकू नका. बटण निसटलं तर भोक काही तासांतच आक्रसायला लागतं. नव्या देशातल्या नळ्यांची जोडणी तुमच्या बटणाला बसते का, हेही आधीच विचारा.

आता बोलणं. लहान मेंदूला इजा झाली की शब्द आठवतात, पण जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. याला डिसार्थ्रिया म्हणतात. हीच मुलगी शिकत असलेल्या नव्या भाषेत बोलली, तर 'हिला भाषा येत नाही' असा निष्कर्ष निघू शकतो. तपासणी मराठीतही व्हावी, दुभाषा मिळावा, असं लेखी मागा. दुभाष्याचं काम आई-बाबांनी करू नये, कारण आपण नकळत तिचे अर्धवट शब्द पूर्ण करतो. घरी मराठी बोलणं थांबवू नका. केमोत सिस्प्लॅटिन हे औषध दिलं असेल तर ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) जरूर करा. त्या औषधाने उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होऊ शकतं, 'स' आणि 'श' निसटतात, आणि बोलण्याचा दोष त्याने आणखी वाढतो.

कागदांत ऑपरेशन नोट, रेडिएशनचा भाग आणि ग्रे (रेडिएशनचं एकक) मधला डोस, सिस्प्लॅटिनची एकूण मात्रा आणि एमआरआयची मूळ फाइल हवी. शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) असेल तर तिच्या व्हॉल्व्हचा प्रकार आणि सेटिंगही, कारण काही व्हॉल्व्ह एमआरआयच्या चुंबकाने हलतात. विमा कंपनीला आधीचा आजार लेखी कळवा आणि काय वगळलंय तेही लेखीच घ्या.

गिळणं किंवा बोलणं स्थिर असताना अचानक बिघडलं, तर हवाबदलावर ढकलू नका, लगेच दाखवा. शंट अडकणं, गाठ परतणं, रेडिएशनचा उशिरा दिसणारा परिणाम, यांपैकी काहीही असू शकतं.

आणि शाळेत पहिल्याच दिवशी तिथल्या भाषेतलं एक कार्ड द्या, त्यात थेरपिस्टने लिहून दिलेली पातळी घाला, उदाहरणार्थ: 'पातळ पाणी देऊ नका, पातळी २ चंच द्या, ताठ बसवा, घाई करू नका.' वर्गातल्या शिक्षिकेइतकंच ते जेवणाच्या वेळी देखरेख करणाऱ्या व्यक्तीकडेही हवं.